डोके न उघडता होणारी शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची तीन वर्षे

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली अनेक वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास, कापसाची पहिली वेचणी चालू असताना, एक शेतकरी आपल्या बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलाच्या मेंदूत रक्तवाहिन्यांचा गुंता होता आणि त्यावर होळीच्या आसपास मोठ्या शहरात रेडिओसर्जरी झाली होती. नुकत्याच काढलेल्या एमआरआयचा अहवाल वडिलांनी टेबलावर ठेवला. गुंता पूर्वीच्याच ठिकाणी असून त्यातून रक्त वाहत आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. "डाक्टर, डोकं उघडलं नाई, टाका घातला नाई, अन् आता म्हंते का गुंता तसाच हाये. मंग त्यायनं केलं तरी काय?" हे विचारताना त्यांचा आवाज कापत होता, कारण शहरातल्या राहण्या-जाण्याच्या खर्चासाठी त्यांनी घरची बैलजोडी विकली होती.

अहवाल बरोबर होता आणि उपचारही फसलेला नव्हता. आठ महिन्यांत गुंता नाहीसा होईल, अशी अपेक्षा कोणत्याही तज्ज्ञाने ठेवली नसती. मात्र ही गोष्ट त्या कुटुंबाला समजेल अशा शब्दांत कुणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली असली तरी त्या धावपळीच्या दिवशी ती त्यांच्या मनापर्यंत पोचली नव्हती. हा लेख अशा कुटुंबांसाठी आहे. मी मेंदूचा शल्यविशारद नाही. परंतु ज्यांना मी तपासून पुढे पाठवतो आणि जे उपचार घेऊन पुन्हा माझ्याच दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतात, त्यांच्याबरोबर मी या उपचाराची नंतरची वर्षे पाहिली आहेत. आणि या उपचाराचे खरे काम त्या नंतरच्या वर्षांतच होत असते.

गोंधळाची सुरुवात नावापासून होते. आपल्याकडे किरणोपचाराला "शेक देणे" किंवा "लाईट देणे" म्हणतात आणि शेक म्हटले की कॅन्सर, हे मनात पक्के बसलेले असते. त्यामुळे "रेडिओ" हा शब्द ऐकताच घरात रडारड सुरू होते. दुसरीकडे "सर्जरी" म्हटले की मुंडण केलेले डोके, चिरा, टाके आणि आयसीयूच्या दाराबाहेरची रात्र डोळ्यांपुढे येते. रेडिओसर्जरीत यातले काहीच नसते. कवटी उघडली जात नाही, केस काढावे लागत नाहीत, बहुतेक प्रौढ रुग्णांना पूर्ण भूलही द्यावी लागत नाही. आणि ज्या आजारांसाठी हा उपचार वापरतात त्यांतले पुष्कळसे आजार कॅन्सर नसतात. तरीही तिला सर्जरी म्हणतात, कारण शल्यविशारद जसा एका बैठकीत, एका ठरावीक जागी, मिलिमीटरच्या हिशेबाने काम करतो, तसेच काम येथे किरणांकडून करून घेतलेले असते.

हे नाव स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये दिले. त्या काळी मेंदूच्या खोल भागात हात घालणे म्हणजे रुग्णाचा जीव पणाला लावणे होते, आणि कवटी न उघडता त्या जागी पोचता येईल का, या प्रश्नाचा लेक्सेल यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. त्यांनी आधी क्ष-किरण वापरून पाहिले, मग भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन यांच्याबरोबर प्रोटॉनचे झोत वापरले आणि शेवटी किरणोत्सारी कोबाल्ट-६० वर चालणारे यंत्र तयार केले. पहिले गॅमा नाइफ १९६८ मध्ये स्टॉकहोम येथे वापरात आले. "नाइफ" हा शब्द केवळ नावापुरता आहे, त्या यंत्रात कोठेही पाते नाही. भारतात दिल्लीच्या एम्समध्ये हे यंत्र १९९७ पासून आहे, म्हणजे हा उपचार कालपरवा निघालेला प्रयोग नाही.

तो कसा चालतो हे समजून घेण्यासाठी आपला आठवडी बाजार डोळ्यांसमोर आणावा. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वीस-पंचवीस गावांतून माणसे निघतात. एकेका पांदणीवरून पाच-दहा माणसे चालत जातात, त्यांच्या पायांनी पांदणीच्या कडेचे गवतसुद्धा धड दबत नाही. तीच सगळी माणसे बाजाराच्या मैदानावर एकत्र येतात तेव्हा मात्र संध्याकाळपर्यंत तिथे गवताची काडी उरत नाही. रेडिओसर्जरीत किरणांचे झोत असेच अनेक वाटांनी डोक्यात शिरतात. सध्याच्या गॅमा नाइफमध्ये कोबाल्टचे १९२ स्रोत असतात, त्याआधीच्या यंत्रांत २०१ असत. प्रत्येक झोत इतका क्षीण असतो की त्याच्या वाटेवरच्या निरोगी मेंदूला तो जवळजवळ काही करत नाही. पण सगळे झोत ज्या एका बिंदूवर एकमेकांना छेदतात तेथे मात्रा एकदम प्रचंड होते, आणि त्या बिंदूपासून काही मिलिमीटर दूर जाताच ती झपाट्याने उतरते. बरेच जण येथे भिंगाने कागद जाळण्याचे उदाहरण देतात. मला ते तितकेसे पटत नाही, कारण गॅमा किरण भिंगाने वळवता येत नाहीत; ते आपापल्या सरळ वाटेने येतात आणि फक्त एका जागी भेटतात.

किरणांची मात्रा "ग्रे" या एककात मोजतात. कॅन्सरच्या नेहमीच्या शेकात रोज साधारण २ ग्रे देतात आणि असे आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे चालते. रोज थोडे थोडे देण्यामागचा हिशेब असा, की निरोगी पेशी दोन दिवसांच्या मधल्या वेळात स्वतःची दुरुस्ती करून घेतात आणि कॅन्सरच्या पेशींना ती तितकीशी जमत नाही. रेडिओसर्जरीचा हिशेब याहून अगदी निराळा आहे. येथे १२ ते २४ ग्रेपर्यंतची मात्रा बहुधा एकाच बैठकीत दिली जाते. त्या जागेच्या पेशींना सावरायला वेळच दिला जात नाही, आणि शेजारच्या निरोगी भागाला वाचवण्याचे काम सर्वस्वी नेमावर सोपवलेले असते. त्यामुळे नेम एक मिलिमीटरच्या आत असावा लागतो. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस एका वेळी साधारण ८ ते १० ग्रेच सहन करू शकते. गाठ तिला चिकटलेली असेल तर तज्ज्ञ एका बैठकीऐवजी तीन किंवा पाच बैठका ठरवतात, किंवा हा उपचार नकोच असे सांगतात.

याच कारणाने गाठीच्या आकाराला मर्यादा आहे. साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतची, म्हणजे मोठ्या बोराएवढी गाठ या उपचाराला योग्य समजली जाते. गाठ जितकी मोठी तितकी तिच्या कडेबाहेर सांडणारी मात्रा अधिक, म्हणून मोठ्या गाठीला द्यायची मात्रा कमी करावी लागते आणि मात्रा कमी केली की गुणही कमी येतो. त्यातच मोठी गाठ मेंदूला दाबत असेल, उलट्या होत असतील, शुद्ध हरपत असेल, तर त्या रुग्णाला आजच्या आज दाब कमी व्हायला हवा असतो, आणि रेडिओसर्जरी हे आजच्या आज करू शकत नाही. तेथे कवटी उघडूनच शस्त्रक्रिया करावी लागते. "आमच्या शेजारच्याचं बिना चिरफाडीचं झालं, मंग आमचंच काहून उघडता?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा यातच असते.

गॅमा नाइफशिवाय लिनॅक नावाच्या यंत्रानेही रेडिओसर्जरी करतात. कर्करोग रुग्णालयांत नेहमीच्या शेकासाठी जे यंत्र असते त्याचीच ही अधिक अचूक केलेली रूपे आहेत. त्यात कोबाल्ट नसतो; विजेवर चालणारे यंत्र क्ष-किरणांचा एक झोत तयार करते आणि रुग्णाभोवती फिरत फिरत वेगवेगळ्या कोनांतून तो सोडते. सायबरनाइफ हा त्यातलाच एक प्रकार आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील जॉन ॲडलर यांनी तो विकसित केला, आणि त्यात यंत्रमानवाच्या हातासारख्या बाहूवर लिनॅक बसवलेला असतो. कोणते यंत्र चांगले, असे मला वारंवार विचारले जाते. माझे मत असे आहे की यंत्राच्या नावापेक्षा, ते चालवणारे न्यूरोसर्जन, किरणोपचारतज्ज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ या तिघांनी तुमच्याच आजाराचे किती रुग्ण हाताळले आहेत, हे विचारणे अधिक उपयोगाचे. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. कोबाल्ट-६० ची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होते, त्यामुळे यंत्रातला कोबाल्ट जुना झाला की तीच मात्रा द्यायला अधिक वेळ लागतो. एकाला पाऊण तास लागला आणि दुसऱ्याला दोन तास, यावरून दुसऱ्याला जास्त शेक दिला असे समजू नये.

प्रत्यक्ष उपचाराच्या दिवशी काय होते, हे मला माझ्याच एका रुग्ण बाईंनी सविस्तर सांगितले. पन्नाशीच्या या बाई रोजमजुरीने वेचणीला जातात. उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले होते, आणि फोन आला की त्या नकळत तो डाव्या कानाला लावत. एवढे एकच लक्षण दोन वर्षे होते. पुढे चालताना तोल जाऊ लागला तेव्हा एमआरआय झाला आणि कानाच्या नसेवर पावणेदोन सेंटिमीटरची गाठ निघाली. उपचाराच्या सकाळी त्यांच्या कपाळावर दोन आणि डोक्याच्या मागे दोन अशी बधिर करण्याची चार इंजेक्शने दिली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्या दिवसात दुखले ते एवढेच. मग हलक्या धातूची एक चौकट डोक्याभोवती बसवून चार स्क्रूंनी कवटीला घट्ट केली. पहिली दहा-पंधरा मिनिटे डोके शिकंजात धरल्यासारखे वाटले, नंतर ती जाणीव बोथट झाली. ती चौकट डोक्यावर असतानाच एमआरआय काढला. चौकटीला जोडलेल्या पेटीवरच्या खुणा त्या चित्रांत उमटतात, आणि त्यांच्या आधारे डोक्याच्या आतल्या प्रत्येक बिंदूचे अंतर मोजता येते, जसे शेताच्या चतुःसीमेचे दगड पक्के असले की मोजणीदार आतली कोणतीही जागा कागदावर दाखवू शकतो. डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ संगणकावर आराखडा करीत होते तोपर्यंत त्या बाकावर बसून चहा पीत होत्या. त्यानंतर त्यांना यंत्राच्या खाटेवर झोपवले आणि चौकट खाटेला अडकवली, म्हणजे डोके केसभरही हलू नये. आत असताना उजेड दिसला नाही, गरम लागले नाही, काही टोचले नाही. लाईट देणार म्हणून त्या डोळे घट्ट मिटून पडल्या होत्या, आणि संपले असे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना.

तिसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा कुंकवाच्या दोन्ही बाजूंना, भुवयांच्या वर, ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन खपल्या होत्या. त्या पाण्याने स्वच्छ ठेवाव्यात, त्यांवर हळद, चुना किंवा तंबाखू लावू नये, एवढीच काळजी त्या जागेची घ्यायची असते. काही यंत्रांत चौकटीऐवजी चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा वापरतात, त्यात तर खपल्याही येत नाहीत. लहान मुलांना निश्चल झोपवणे शक्य नसते, म्हणून त्यांना बहुधा भूल देतात.

कानाच्या नसेची ही गाठ साधी असते. ती कॅन्सर नव्हे आणि ती शरीरात पसरत नाही. तिला सुमारे १२ ते १३ ग्रे इतकीच मात्रा देतात, आणि ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत तिची वाढ थांबते. येथे "थांबते" हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. रेडिओसर्जरीने गाठ काढली जात नाही. किरणांमुळे तिच्या पेशींतील डीएनए इतका मोडतो की त्या पेशी पुढे विभागू शकत नाहीत, आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही हळूहळू बंद होतात. गाठ तिथेच राहते, बऱ्याचदा काही वर्षांत आक्रसते, काही वेळा आहे तेवढीच राहते आणि जन्मभर त्रास देत नाही. वळूचा बैल केला की तो गोठ्यात असतोच, पण त्याचा वंश वाढत नाही. शेतकऱ्याला ही तुलना लगेच कळते. गेलेले ऐकू येणे मात्र परत येत नाही आणि उरलेलेही पुढच्या वर्षांत कमी होऊ शकते, हे त्या बाईंना आधीच सांगितले होते. चेहऱ्याची नस मात्र बहुसंख्य रुग्णांत सुरक्षित राहते, आणि उघड्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत हा मोठा लाभ आहे.

मेंदूच्या आवरणातून वाढणारा मेनिंजिओमा आणि पिट्युटरी ग्रंथीची शस्त्रक्रियेनंतर उरलेली गाठ, यांनाही हाच न्याय लागू होतो. कॅन्सरच्या बाबतीत हा उपचार मुख्यतः तेव्हा वापरतात जेव्हा फुप्फुसाचा, स्तनाचा किंवा अन्य ठिकाणचा कॅन्सर मेंदूत लहान लहान ठिपक्यांच्या रूपात पसरलेला असतो. पूर्वी अशा रुग्णांच्या संपूर्ण मेंदूला शेक देत आणि त्यामुळे कित्येकांची स्मरणशक्ती मंदावत असे. आता ठिपके थोडे असतील तर प्रत्येकावर स्वतंत्र नेम धरतात; जपानमध्ये १,१९४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच ते दहा ठिपके असलेले रुग्ण दोन ते चार ठिपके असलेल्या रुग्णांइतकेच जगल्याचे दिसले. याउलट ग्लिओब्लास्टोमासारखी गाठ, जी मेंदूत हराळीसारखी आत आत मुळे पसरवते आणि जिला नेमकी कडच नसते, तिच्यासाठी रेडिओसर्जरी हा पहिला उपचार नाही. ज्याला कडा नाही त्यावर नेम कशावर धरणार?

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्या भागात तरुण मुलाला पहिल्यांदा फीट येते, सीटी स्कॅनमध्ये लहानशी अंगठीसारखी गाठ दिसते आणि घरचे "ब्रेन ट्यूमर" हा शब्द घेऊन घरी येतात. अशा गाठींपैकी पुष्कळ गाठी ट्यूमर नसतात. त्या क्षयरोगाच्या असतात किंवा मेंदूत शिरलेल्या फीतकृमीच्या अळीच्या असतात, आणि त्या गोळ्यांनी बऱ्या होतात. त्यांना रेडिओसर्जरी लागत नाही. म्हणून निदान पक्के होण्यापूर्वी शेत गहाण टाकून शहर गाठू नये, आणि त्याचबरोबर फीट म्हणजे बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपाऱ्यांत सहा महिने घालवू नयेत. मी या दोन्ही चुकांची किंमत मोजलेली घरे पाहिली आहेत.

आता त्या मुलाच्या आजाराकडे येतो. त्याला एव्हीएम म्हणतात. शरीरात हृदयाकडून येणारे रक्त धमनीतून अतिशय बारीक केशवाहिन्यांत शिरते, तेथे त्याचा जोर ओसरतो आणि मग ते शिरेत उतरते. धरणाचे पाणी मोठ्या कालव्यातून पाटचारीत, तिच्यातून सऱ्यांत आणि शेवटी नाल्यात जाते, तसाच हा क्रम. समजा, मधल्या पाटचाऱ्या आणि सऱ्या नाहीतच आणि कालवा थेट नाल्यात फुटला आहे. नाल्याचे काठ इतक्या जोराच्या पाण्यासाठी बांधलेले नसतात, त्यामुळे ते केव्हाही कोसळू शकतात; आणि दुसरीकडे ज्या शेतांना ते पाणी मिळायचे ती कोरडी राहतात. एव्हीएममध्ये धमन्या आणि शिरा अशाच थेट एकमेकींना मिळालेल्या असतात. पातळ भिंतींची शीर कधी फुटते, आणि बरेचदा ती ऐन तारुण्यात फुटते. काहींना रक्तस्राव होण्याआधी फीट येतात, काहींचे डोके सतत दुखते, तर काहींना काहीच होत नाही आणि अपघातानंतरच्या स्कॅनमध्ये हा गुंता अचानक सापडतो. उपचार न केलेल्या एव्हीएममधून रक्तस्राव होण्याचा धोका दर वर्षी साधारण २ ते ४ टक्के असतो. आकडा लहान वाटतो, परंतु बावीस वर्षांच्या मुलापुढे पन्नास वर्षे पडलेली असतात.

अशा गुंत्यावर तीन मार्ग आहेत: उघडून काढणे, मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून नळी घालून आतून गोंदासारखे द्रव्य भरणे, आणि रेडिओसर्जरी. गुंता मेंदूच्या पृष्ठभागाजवळ आणि लहान असेल तर उघडून काढणे हाच सर्वांत लवकर निकाल देणारा मार्ग असतो. तो खोलवर किंवा बोलण्या-चालण्याच्या केंद्रापाशी असेल तर रेडिओसर्जरीचा विचार प्रामुख्याने होतो. एव्हीएमवर तिचा पहिला वापर १९७० मध्ये स्टॉकहोम येथे लाडिस्लाउ श्टायनर यांनी केला.

किरणांनी रक्तवाहिनी जळत नाही किंवा तुटत नाही. तिच्या आतल्या अस्तराच्या पेशी दुखावतात, त्या दुखापतीला शरीर उत्तर म्हणून अस्तर जाड करत जाते, आणि वाहिनीचा पोकळ मार्ग अरुंद होत होत अखेर बुजतो. संत्र्याच्या बागेत ज्यांनी बोअरवेलच्या जड पाण्यावर ठिबक चालवले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको; नळीच्या आत क्षाराचा थर चढत जातो, थेंब मंद होतो आणि एक दिवस ती नळी कोरडी पडते. फरक एवढाच की बागेत हे बुजणे आपल्याला नको असते आणि येथे तेच हवे असते. याला दोन ते तीन वर्षे लागतात, कधी चार-पाचही लागतात. लहान एव्हीएममध्ये योग्य मात्रा दिल्यास साधारण ७० ते ८० टक्के रुग्णांत गुंता पूर्ण बंद होतो. त्या मुलाच्या वडिलांना मी हेच सांगितले: आठव्या महिन्यात गुंता दिसणे म्हणजे पेरणीनंतर चौथ्या दिवशी बोंड न दिसण्यासारखे आहे.

परंतु या प्रतीक्षेची दुसरी बाजू लपवणे अन्यायाचे होईल. गुंता पूर्ण बंद होईपर्यंत रक्तस्रावाचा धोका राहतो. माझ्या एका रुग्णाला उपचारानंतर चौदाव्या महिन्यात रक्तस्राव झाला. त्या कुटुंबाला वाटले की उपचारानेच हे घडवले, आणि गावातल्या आणखी एका रुग्णाने त्या भीतीने आपली ठरलेली तारीख रद्द केली. रक्तस्राव झालेला रुग्ण पुढे वाचला. पण हा धोका आधी नीट सांगितला गेला असता तर त्या दोन घरांना इतका मनस्ताप झाला नसता, असे मला आजही वाटते. अचानक, आयुष्यात कधी नव्हते असे डोके दुखणे, त्याबरोबर उलटी, एक बाजू लुळी पडणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाले तर गावातल्या दवाखान्यात सलाइन लावण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

ज्या एव्हीएममधून कधीच रक्तस्राव झालेला नाही, त्यावर उपचार करावा की नाही याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. अरुबा नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. त्यात केवळ औषधांवर ठेवलेल्या रुग्णांपेक्षा कोणताही हस्तक्षेप केलेल्या रुग्णांत पक्षाघात आणि मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. त्यावर अनेकांचा आक्षेप असा, की रुग्णांना सरासरी ३३ महिनेच पाहिले गेले. उपचाराची जोखीम सुरुवातीलाच येते आणि लाभ पुढच्या दशकांत मिळतो, तेव्हा इतक्या थोड्या काळात लाभ दिसणार कसा. मला हा आक्षेप योग्य वाटतो, पण त्यामुळे घाई करायला परवानगी मिळते असे मी मानत नाही. रक्तस्राव न झालेल्या रुग्णाने दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे. डॉक्टरांना त्याचा राग येईल अशी भीती आपल्याकडे फार आहे. ती मनातून काढून टाकावी.

उपचारानंतरच्या काळात सर्वांत जास्त घाबरवणारी गोष्ट म्हणजे सूज. सहा महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान कानाच्या नसेची गाठ तात्पुरती मोठी दिसू शकते आणि एव्हीएमभोवतीचा मेंदू सुजू शकतो. एव्हीएमच्या साधारण एक-तृतीयांश रुग्णांत असे बदल एमआरआयवर दिसतात, त्रास सुमारे दहांपैकी एकाला होतो, आणि कायमचे व्यंग शंभरातल्या मोजक्यांना राहते. क्वचित एखाद्या जागी मेंदूचा भाग मृत होतो, आणि त्यावर औषधे किंवा कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. किरणांमुळे वर्षानुवर्षांनी नवा कॅन्सर होणे अत्यंत दुर्मिळ आहे. सूज दिसली की उपचार करणाऱ्या केंद्रालाच चित्रे दाखवावीत. "गाठ वाढली, आता उघडावे लागेल" असा निर्णय तिसऱ्याच ठिकाणी घाईने होऊ देऊ नये.

सुजेसाठी डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. त्या मनाने बंद करू नयेत आणि मनाने वाढवूही नयेत. त्या हळूहळू कमी करायच्या असतात, आणि मधुमेह असेल तर साखर वाढते, म्हणून ती तपासत राहावी. फीटच्या गोळ्यांचे तर मी हात जोडून सांगतो. रेडिओसर्जरी झाली म्हणून त्या थांबवायच्या नसतात. फीट येणाऱ्या माणसाने एकट्याने विहिरीवर मोटार चालू करायला जाऊ नये, झाडावर चढू नये, मोटारसायकल चालवू नये आणि चुलीपाशी एकटे बसू नये. घरात सिकलसेल असेल, आणि विदर्भात तो अनेक घरांत आहे, तर अँजिओग्राफीपूर्वी, म्हणजे नळीतून औषध सोडून रक्तवाहिन्यांची चित्रे काढण्यापूर्वी, ते डॉक्टरांना न विचारता सांगावे, कारण अशा रुग्णाच्या शरीरात पाणी कमी पडू देणे धोक्याचे असते. गरोदर असल्याची शक्यताही तशीच आधी सांगावी.

खर्चाची चौकशी करताना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला केवळ "मेंदूचे ऑपरेशन" असे विचारू नये. आजाराचे नाव आणि "रेडिओसर्जरी" हा शब्द डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावा आणि तो कागद दाखवावा. नेमके नाव नसले की माणूस एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरत राहतो.

आणि चित्रे जपावीत. पुढचा प्रत्येक एमआरआय मागच्याशी ताडून पाहायचा असतो, कधी दोन मिलिमीटरच्या फरकावर निर्णय होतो, आणि मागची फिल्मच नसेल तर तज्ज्ञ आंधळेपणाने बोलणार. पावसाळ्यात कवेलूतून गळणाऱ्या पाण्याने फिल्म एकमेकींना चिकटतात, म्हणून त्या आणि सीडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवाव्यात. त्या मुलाचा पुढचा एमआरआय केव्हा आणि शेवटची अँजिओग्राफी केव्हा, हे मी त्याच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर लिहून दिले. एमआरआयवर गुंता दिसेनासा झाला तरी तो खरोखर बंद झाला हे अँजिओग्राफीनेच सिद्ध होते, म्हणून त्या तारखेखाली मोठ्या अक्षरांत "तिसरी होळी" असेही लिहिले. वडिलांनी ते बोटाने दोनदा वाचले, फाइल पिशवीत ठेवली आणि पिशवीचे तोंड सुतळीने बांधले.